समोर रस्ता मोकळा असताना तो गाडी हळू का करतो?

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सगळ्यात वरची मालिका, बघणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षं मोटोजीपी बघतोय. २०२५च्या पहिल्याच शर्यतीत, थायलंडला, मार्क मार्केझ सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याने आपणहून गाडी हळू करून भावाला पुढे सोडलं. पुढे कतारला विन्यालेस दुसरा आला आणि अंतिम निकालात चौदावा झाला. कारण काय, तर पुढच्या टायरमधली हवा! टायर तर सगळ्यांना एकाच कंपनीचे. मग ही शर्यत नक्की कशाची असते? आणि मी माझ्या गाडीत हवा जरा कमी ठेवली तर कोपऱ्यांवर ग्रिप वाढेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण तो सगळ्यात धोकादायक आहे.

आधी माझ्याबद्दल. गेली बरीच वर्षं मी चेन्नई आणि कोइम्बतूरच्या राष्ट्रीय शर्यतींमध्ये टायर आणि सस्पेन्शनचं काम करतो. मोटोजीपीच्या गॅरेजात माझे हात कधी काळे झालेले नाहीत. त्या गाड्या मी पाहिल्या त्या २०२३ साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटच्या स्टँडमध्ये बसून. पण रबर तापलं की काय करतं, हे चेन्नईत आणि कतारमध्ये वेगळं नसतं. त्या जोरावर लिहितोय.

तुमचा प्रश्न टायरचा वाटतो, पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही शर्यत "कोण सगळ्यात जोरात पळतो" अशी बघताय. मोटोजीपीतला कुठलाही रायडर पूर्ण शर्यत पूर्ण जोरात पळवत नाही. पळवली तर टायर शर्यत संपायच्या आधी संपेल. हातात ठरावीक पगार आहे आणि महिना काढायचाय, तसं हे काम आहे. सगळी चढाओढ आहे ती कोण किती हुशारीने खर्च करतो याची.

आता हवा. टायरमध्ये हवा भरून तोंड बंद केलं की आतलं तापमान वाढेल तसा दाब वाढतो. ढोबळ हिशेब सांगतो: या टायरांमध्ये जेवढा दाब असतो त्यावर दर १० अंशांना साधारण १ पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजायचं माप) चढतो. ऐकायला फार नाही. पण पुढच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढाही नसतो, आणि ब्रेक दाबला की जवळजवळ सगळी गाडी त्यावर उभी राहते. इटलीतल्या मुजेल्लोच्या पहिल्या वळणावर रायडर ताशी साडेतीनशेच्या आसपासच्या वेगावरून शंभराच्या खाली येतो, मागचं चाक अर्धवट हवेत असतं. त्या वेळी दाब जास्त असेल तर टायर फुग्यासारखा टणक होतो, टेकणारा भाग आक्रसतो, आणि पुढचं चाक एकतर लॉक होतं किंवा वळणात आत वाकवताना निसटतं. पुढचं चाक निसटलं तर वाचवायला फार वेळ मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. चेन्नईच्या ट्रॅकवर एका वर्षी माझा रायडर, विशीतला पोरगा, सकाळच्या सरावात छान पळाला. आल्यावर गरम टायर मोजला, आकडा हवा तसा आला. मी खूश. दुपारच्या शर्यतीला थंड टायरमध्ये सकाळी थंड असताना भरला होता तोच आकडा भरला. दुपारी डांबर भाजत होतं, हे दिसत असूनही एक पीएसआय कमी करायचं डोक्यात आलं नाही. वर पिटमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजमधल्या, कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी मी त्या दिवशी काढलंच नव्हतं, म्हणजे हवेबरोबर वाफ होणारा ओलावाही टायरमध्ये गेला. चौथ्या लॅपला पोरगा वाळूत. गाडी परत आली तेव्हा पुढचा टायर सकाळपेक्षा ३ पीएसआय वर होता, तोही पडून थोडा निवल्यावर. पोरगा हेल्मेट काढून एवढंच म्हणाला, "दादा, पुढचं टायर लाकडासारखं झालं होतं." चूक शंभर टक्के माझी. त्या दिवसापासून वहीत आकड्याशेजारी ट्रॅकचं तापमान लिहितो आणि ओलावा काढलेली हवाच भरतो.

मग दाब कमीच का ठेवू नये? कमी दाबाला टायर जास्त टेकतो, ब्रेकला छान साथ देतो. म्हणूनच सगळ्या टीमना कमी हवा हवी असते. पण फार कमी झाली की टायरच्या आतला सांगाडा गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि तिथून तो फुटायची भीती. त्यासाठी किमान दाबाचा नियम आहे. पुढच्या टायरला तो आधी १.८८ बार होता, २०२४ पासून १.८० बार, म्हणजे आपल्या पंपाच्या भाषेत २६ पीएसआय. प्रत्येक गाडीच्या चाकात सेन्सर असतो. मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के लॅप्स या आकड्याच्या वर गेल्या पाहिजेत, शनिवारच्या छोट्या शर्यतीला, म्हणजे स्प्रिंटला, ३० टक्के. नाहीतर शर्यतीत १६ सेकंद आणि स्प्रिंटला ८ सेकंदांची भर. जिथे पहिले पाच जण कधी कधी दोन सेकंदांत असतात, तिथे १६ सेकंद म्हणजे दिवस वाया.

इथे खरी गंमत सुरू होते. हवा भरायची ती शर्यतीच्या आधी, एकदाच. आणि टायर किती तापेल हे रायडर कुठे पळतो यावर ठरतं. दुसऱ्याच्या मागे चिकटून पळाला तर पुढच्या गाडीच्या इंजिनाचा, एक्झॉस्टचा, ब्रेकचा गरम वारा थेट त्याच्या पुढच्या चाकावर येतो आणि थंड वारा अडतो. दाब झरझर चढतो. एकटा पुढे पळाला तर टायर गार राहतो आणि दाब किमान आकड्याखाली रेंगाळतो. म्हणजे क्रू चीफला (रायडरच्या गाडीची तयारी ठरवणारा प्रमुख) शर्यत सुरू व्हायच्या आधी भविष्य सांगावं लागतं: आपला माणूस तिसऱ्या लॅपला कितव्या नंबरवर असेल? गर्दीत असेल असं धरून कमी भरली आणि तो पुढे निघाला, तर दंड. पुढे असेल असं धरून जास्त भरली आणि स्टार्ट बिघडून तो गर्दीत अडकला, तर टायर लाकूड. सुरू झाल्यावर टीमला काही करता येत नाही. फॉर्म्युला वनसारखा कानात इंजिनिअर बोलत नाही. डॅशवरचा इशारा आणि पिटच्या भिंतीवरून दाखवलेली पाटी, एवढंच.

आता तुमचं थायलंड. तिथल्या बुरीरामच्या ट्रॅकवर मार्क पोलवर, म्हणजे सुटायच्या पहिल्या जागेवर होता, सुटला तोच पुढे. मोकळा वारा लागल्यावर दाब हवा तेवढा चढेना. २६ लॅपची शर्यत, त्याच्या ६० टक्के म्हणजे १६ लॅप नियमात हव्यात. सातव्या लॅपला त्याने थ्रॉटल सोडला, धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स पुढे गेला, आणि मार्क त्याच्या गरम वाऱ्यात जाऊन बसला. बघणाऱ्याला वाटलं गाडी बिघडली. तो टायर शेकत होता! दाब वर आला, लॅप भरल्या, आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा भावाला मागे टाकून तो जिंकला. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात हुशार चाल ती. पण एक लक्षात घ्या: हे त्यालाच परवडलं, कारण त्याच्याकडे लॅपला दोन-तीन दशांश सेकंद शिल्लक होते. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याने भावाला पुढे सोडलं असतं तर भाऊ जिंकला असता.

कतारची गोष्ट उलटी. विन्यालेस आदल्या दिवसापर्यंत जिंकणाऱ्यांच्या यादीत कोणी धरला नव्हता. रविवारी त्याची केटीएम अशी चालली की काही लॅप तो चक्क सगळ्यांच्या पुढे होता. गर्दीतल्या रायडरसाठी भरलेली हवा, आणि रायडर पुढे मोकळ्या वाऱ्यात. दुसरा आला, १६ सेकंद चढले, चौदावा झाला. कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. आपल्याच रायडरला कमी लेखल्याची ती किंमत होती. असाच फटका २०२३ला व्हॅलेन्सियात दि जियानान्तोनियोला बसला होता, फक्त तेव्हा दंड ३ सेकंदांचा होता, त्यामुळे दुसऱ्यावरून चौथ्यावर भागलं.

"टायर सगळ्यांना सारखेच, मग फरक कसला?" हा प्रश्न मला रेसिंग बघणारा प्रत्येक जण विचारतो. २०१६ पासून मिशेलिन एकटीच टायर देते, त्याआधी २००९ ते २०१५ ब्रिजस्टोन. वीकएंडला एका रायडरला कोरड्या ट्रॅकसाठी पुढचे १० आणि मागचे १२ टायर मिळतात, कुठला टायर कोणाला हे टीम ठरवत नाही. पण मऊ (जास्त पकडतो, लवकर झिजतो) की मध्यम की कडक, हे निवडणं टीमचं. आणि एकच टायर दोन गाड्यांवर दोन स्वभावाचा होतो. एकच तवा, कोणाच्या हाताखाली भाकरी फुगते, कोणाची करपते. इंजिनचा धक्का चाकापर्यंत कसा पोचतो, वजन पुढे किती मागे किती, गाडीवरचे पंख वाऱ्याच्या जोरावर तिला खाली किती दाबतात, रायडर वळणातून निघताना गाडी आधी उभी करून मग थ्रॉटल देतो की वाकलेलीच पिळतो, या सगळ्यावर टायरचं आयुष्य ठरतं. इलेक्ट्रॉनिक्सही २०१६ पासून सगळ्यांना एकच आहे, त्यामुळे महागड्या संगणकाने मागचं चाक सांभाळायची सोय गेली. ते काम पुन्हा उजव्या मनगटाकडे आलं.

मागच्या टायरचा एक दिवस सांगतो, तो मी विसरू शकत नाही. ऑक्टोबर २०२३, ऑस्ट्रेलियातलं फिलिप आयलंड. वाऱ्यापावसाच्या भीतीने मुख्य शर्यत शनिवारीच घेतली. होर्हे मार्तिनने मागे मऊ टायर घातला, बाकीच्या दादा लोकांनी मध्यम. मार्तिन सुसाट सुटला, आघाडी तीन सेकंदांच्या वर गेली. टीव्हीवर सगळे म्हणतायत, संपली शर्यत. माझ्या शेजारी बसलेला मित्र उठून चहा टाकायला गेला. मी म्हटलं, थांब, याच्या गाडीचं मागचं बूड बघ, वळणातून निघताना हलतंय. शेवटच्या पाच-सहा लॅपमध्ये आघाडी वितळत गेली आणि शेवटच्या एकाच लॅपमध्ये त्याला चौघे ओलांडून गेले. योहान झार्को जिंकला, त्याचा मोटोजीपीतला पहिला विजय. मार्तिन पाचवा. २५ गुणांऐवजी ११. त्या वर्षी तो विजेतेपदासाठी बन्यायाशी झुंजत होता, आणि बन्याया त्याच दिवशी दुसरा आला.

आता हा मूर्खपणा होता का? निकाल कळल्यावर तसं म्हणणं सोपं आहे. मऊ टायरवर तो सुरुवातीला पळाला नसता आणि पहिल्या दहा लॅप जपून काढल्या असत्या, तर कदाचित टिकला असता. पण टायर मऊ घ्यायचा आणि जपून पळायचं, मग मऊ घेतलाच कशाला? हा पेच पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या गोटात, प्रत्येक रविवारी सकाळी असतो, आमच्याकडेही.

त्याच ट्रॅकवर दहा वर्षं आधी, २०१३ला, याहून विचित्र झालं होतं. नवीन डांबरावर टायर पूर्ण शर्यत टिकणार नाहीत असं दिसल्यावर मध्ये गाडी बदलणं सक्तीचं केलं. मार्केझच्या टीमने लॅप मोजण्यात चूक केली, तो एक लॅप उशिरा आत आला आणि थेट काळा झेंडा, म्हणजे शर्यतीतून बाद. इतकं या खेळात रबर सगळ्यांचं मालक आहे.

आम्ही सराव संपल्यावर काय करतो ते सांगतो. गाडी आत येताच आधी सुई टोचून टायरचं तापमान घ्यायचं, आतल्या कडेला, मध्ये, बाहेरच्या कडेला. घड्याळात एक मिनिट गेलं तरी आकडा खोटा होतो. मग हवा. मग टायर वाचायचा. बोट फिरवलं की कळतं. पृष्ठभाग किसणीवर खोबरं किसल्यासारखा, बारीक वळ्या आलेला असेल तर रबर डांबरावर घासतंय, पकडत नाहीये. खोल आणि धारदार कडांच्या चिरा असतील तर टायर पुरता तापलाच नाही, थंडच ओरबाडला गेलाय. वर तेलकट चकाकी आणि लहान फोड दिसले तर जास्त शिजलाय. मोटोजीपीत याच्या जोडीला मिशेलिनचा तंत्रज्ञ आणि ढिगाने डेटा असतो. तरी टीव्हीवर नीट बघा, गाडी आत आल्यावर माणसं आधी वाकून टायरकडेच बघतात.

इंधनाचं सोडून देणार होतो, पण आपल्याकडे प्रत्येक गाडीला पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" हाच असतो. तर टाकीत २२ लिटर. बुरीरामला साधारण ११८ किलोमीटर पळायचं, म्हणजे लिटरला साडेपाचच्या आत. कधी कधी शेवटच्या लॅप्सना इंधन वाचवायला इंजिनाच्या ताकदीची सेटिंग खाली आणावी लागते, तेही तुम्हाला "हा मागे का पडला" असंच दिसतं.

सर्वाधिक वेगाचंही तसंच. २०२३ला मुजेल्लोत ब्रॅड बाइंडरच्या केटीएमने ३६६.१ किमीचा वेग गाठला. जगभर बातमी. त्या वीकएंडची स्प्रिंट आणि मुख्य शर्यत, दोन्ही जिंकला बन्याया. सरळ रस्त्यावरचा वेग पोस्टरवर छापायला बरा.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. पोलवरून सुटणाऱ्याचं गणित आणि नवव्या नंबरावरून सुटणाऱ्याचं गणित वेगळं, म्हणून शुक्रवारच्या सरावात पहिल्या दहात येण्यासाठी एवढी मारामारी असते: ते दहा थेट पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत जातात, जिथे सुटायच्या पुढच्या जागा ठरतात. ट्रॅकही वेगवेगळे. जर्मनीच्या साक्सेनरिंगला १३ वळणं, त्यातली १० डावी. सलग डावीकडे वाकत राहिल्यावर टायरची उजवी बाजू गार पडते, आणि मग अकराव्या, उताराच्या उजव्या वळणावर भलेभले आडवे होतात. तिथे जास्त तापण्याची नाही, न तापण्याची भीती. पाऊस आला तर वरचं सगळं बाजूला; प्रत्येक रायडरची दुसरी गाडी पावसाच्या टायरांवर तयार उभी असते आणि पिटमध्ये उडी मारून गाडी बदलायची.

आणि माणूसही तापतो. बुद्धला २०२३च्या सप्टेंबरात आम्ही स्टँडमध्ये बसून वितळत होतो. उकाड्यामुळे शर्यत २४ वरून २१ लॅपची केली. बेझेक्की आरामात जिंकला. मागे मार्तिन शेवटच्या लॅपला सूटची चेन गळ्यापाशी उघडी, अशा अवस्थेत क्वार्तारारोशी भांडत दुसरा आला आणि गाडीवरून उतरल्यावर उभा राहू शकत नव्हता. त्या दिवशी टायरपेक्षा रायडर आधी संपत होते.

म्हणजे तुमच्या दोन शर्यतींचं उत्तर एका ओळीत: मार्कने दाब वाढवायला वेग विकला आणि विकायला आपल्याकडेही वेग आहे हे विन्यालेसला कळायच्या आत शर्यत संपली. पुढच्या वेळी पहिल्या पाच लॅप्समध्ये कोण पुढे आहे यापेक्षा वळणातून निघताना कोणाचं मागचं चाक शांत आहे ते बघा.

हे सगळं २०२७ला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार आहे. इंजिन १००० वरून ८५० सीसीवर येतंय, गाडीची उंची खालीवर करणारी यंत्रं बंद, पंख लहान, टाकी २० लिटरची, आणि टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. पंख लहान झाले की मागच्या गाडीवर येणारा वारा बदलेल, म्हणजे हवेचा हिशेबही. ज्या क्रू चीफच्या वह्या जाड आहेत त्यांच्या वह्या अर्ध्या निरुपयोगी होतील. मला स्वतःला ते बघायची उत्सुकता आहे.

आता तुमची गाडी. नाही, हवा कमी ठेवू नका. रेसचा टायर ब्लँकेटमध्ये (टायर तापवायचं आवरण) तापवून ट्रॅकवर जातो आणि तिथे अजून तापतो, म्हणून तिथे कमी हवेचा फायदा मिळतो. तुमचा टायर घाटात दोन वळणांच्या मध्ये ट्रकमागे गार पडतो, खड्ड्यात आपटतो, कधी मागे डबलसीट असते. कमी हवेने तो वळणात डुलेल आणि एखाद्या खड्ड्यात रिम वाकेल. गाडीवर, बहुतेक स्विंगआर्मवर किंवा चेनकव्हरवर, स्टिकर असतो. त्यावरचा आकडा सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना भरा. पंपापर्यंत पाच-सहा किलोमीटर चालवून गेलात तर मोजलेला आकडा आधीच एक-दोन पीएसआय वर असेल, म्हणून शंभर-दीडशे रुपयांचा गेज घरी ठेवा. आणि पंपावरचा माणूस नायट्रोजनचे पैसे मागू लागला तर त्याला आधी विचारा, कंप्रेसरचं पाणी शेवटचं कधी काढलं होतं, कारण खरा त्रास ओलाव्याचा असतो.